निर्वासित मुलींसाठी छोटी शाळा चालवायची असेल तर

अशा शाळेची आखणी शेवटाकडून करावी, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मुलगी ज्या दिवशी तुमच्या शाळेतून बाहेर पडेल, त्या दिवशी ती कुठे जाणार? शेजारच्या सरकारी शाळेत नववीला, की शालान्त परीक्षा देऊन थेट महाविद्यालयात? की वय उलटून गेल्यामुळे एखाद्या व्यवसाय प्रशिक्षणाला? हे ठरलं की वर्ग किती, शिक्षक कोणते, परवाने कुठले आणि पैसे किती, ही उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात. हे न ठरवता सुरू झालेल्या शाळा दोन-तीन वर्षं प्रेमाने चालतात. मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुली हातात कुठेच न चालणारं प्रमाणपत्र घेऊन दाराशी उभ्या राहतात.

आधी शाळेची जात ठरवा

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला पुलाचा: मुलगी दोन-तीन वर्षं तुमच्याकडे राहते, भाषा आणि बुडालेला अभ्यास भरून काढते आणि मुख्य प्रवाहातल्या शाळेत जाते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकेटर इथे २००९ साली सुरू झालेलं ग्लोबल व्हिलेज प्रोजेक्ट हे याचं उदाहरण. शिक्षणात खंड पडलेल्या, माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच्या निर्वासित मुलींसाठीच ती शाळा आहे. दुसरा प्रकार पूर्ण शाळेचा. काबूलची स्कूल ऑफ लीडरशिप अफगाणिस्तान ही मुलींची निवासी शाळा ऑगस्ट २०२१ मध्ये विद्यार्थिनी आणि शिक्षकांसह रवांडाला हलवावी लागली. तिथल्या मुलींना परत जायला शाळाच उरली नव्हती, कारण पुढच्याच महिन्यात अफगाणिस्तानात मुलगे माध्यमिक वर्गात परतले आणि मुलींना घरी बसवलं गेलं. तिसरा प्रकार वस्तीतल्या शाळेचा: आसपास मुलींना सामावून घेणारी दुसरी सोयच नसते. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियन मुलींसाठी जुलै २०१५ मध्ये उघडलेली, मलाला युसुफझाईच्या नावाची शाळा या जातीची.

पहिल्यांदाच शाळा काढत असाल तर पुलाचा प्रकार निवडा. पूर्ण शाळेला प्रयोगशाळा, विषयतज्ज्ञ शिक्षक, परीक्षा मंडळाची मान्यता सगळंच लागतं आणि छोट्या संस्थेचा जीव त्यातच जातो. पुढचं लिखाण मी पुलाची शाळा धरूनच केलं आहे.

फक्त मुलींसाठी का, हा प्रश्न देणगीदार विचारतील आणि विचारायलाच हवा. माझी कारणं अगदी व्यवहारी आहेत. बारा-तेरा वर्षांची, तीन-चार वर्षं शाळा बुडालेली मुलगी मिश्र वर्गात मागच्या बाकावर गप्प बसते आणि तिचं गप्प बसणं कुणाला खुपत नाही, उलट शहाणी मुलगी म्हणून कौतुक होतं. काही घरांतून मुलीला पाठवायला होकार मिळतो तो शाळा मुलींची आहे म्हणूनच. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहते ती मुलगीच, म्हणून वेळापत्रकही तिच्या दिवसाकडे बघून बेतावं लागतं. पण याची एक किंमतही आहे. मुली स्थानिक मुलामुलींपासून तुटतात. ती भरून काढायला आठवड्यातून निदान एकदा शेजारच्या शाळेबरोबर खेळ, गाणं, विज्ञान मंडळ असं काहीतरी हवं, आणि ते पहिल्या सत्रापासून हवं.

आकडा लहान ठेवा. ४५ मुली, १५-१५ चे तीन गट. गट वयाने न करता भाषेच्या पातळीने करा, मात्र एका गटात चार वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. ४५ पर्यंत मुख्याध्यापिकेला प्रत्येक मुलीचं नाव, घर, धाकट्या भावाचा दमा आणि वडिलांची रात्रपाळी लक्षात राहते. ७० झाल्या की त्याचं रजिस्टर लागतं, आणि रजिस्टर कुणी वाचत नाही.

कायदा आणि बालसुरक्षा

१९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम २२ प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक द्यायला सांगतं. त्यापुढच्या शिक्षणात परदेशी प्रमाणपत्रांना मान्यता आणि शुल्कमाफी याबाबत शक्य तितकी अनुकूल वागणूक मागतं. १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम २८ शिक्षणाचा हक्क सगळ्याच मुलांना देतं. अर्ज लिहिताना ही कलमं उपयोगी पडतात. मात्र ती करार मान्य केलेल्या सरकारांना बांधतात. तुमच्या खासगी शाळेवर चालणार तो तिथला स्थानिक कायदा. अमेरिकेतलंच बघा. कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळेतून वगळता येणार नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल आहे, पण तो सार्वजनिक शाळांबद्दल आहे. म्हणून वकिलाला सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारा: आमच्याकडची हजेरी सक्तीच्या शिक्षणात धरली जाईल का, आमचा दाखला पुढची शाळा स्वीकारेल का, आणि मुलीच्या वास्तव्याच्या कागदपत्रांबद्दल आम्ही काय विचारायला बांधील आहोत. तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर काहीच विचारू नका. जे आपल्या फायलीत नाही, ते आपल्याकडून फुटू शकत नाही.

बालसुरक्षेचं लेखी धोरण पहिली मुलगी येण्याआधी तयार हवं. प्रत्येक प्रौढाची पोलीस पडताळणी, एकट्या मुलीबरोबर बंद दाराआड कुणीही न बसणं, मोबाइलवर शिक्षक-विद्यार्थिनी खासगी संदेश नसणं, तक्रार कुणाकडे करायची त्या बाईंचं नाव आणि फोटो मुलींच्या भाषांमध्ये भिंतीवर. आणि त्या बाईंचीच तक्रार करायची असेल तर कुणाकडे जायचं, तेही. स्वयंसेवक ‘आम्ही तर मदतच करायला आलोय’ म्हणत पडताळणीवर नाराज होतात. होऊ द्या.

पैसा

शुल्कावर ही शाळा चालत नाही, हे गृहीत धरा. पालकांकडून नाममात्र काहीतरी घ्यावं की नाही यावर मतं आहेत. मी घेण्याच्या बाजूची आहे. परवडेल तेवढं, अगदी टोकन, आणि नसेल तर महिन्याला दोन तास शाळेत काम. फुकटच्या शाळेत पालक प्रश्न विचारायला कचरतात आणि मला प्रश्न विचारणारे पालक हवे असतात.

खर्चाचा सर्वांत मोठा वाटा पगारांचा. त्यानंतर वाहतूक. तिसरा खर्च नवखी मंडळी हमखास विसरतात: दुभाषी. प्रत्येक पालकभेट, प्रत्येक आजारपण, प्रत्येक नोटीस यासाठी तो लागतो आणि चांगला दुभाषी तासावर पैसे घेतो, घ्यायलाच हवेत. अंदाजपत्रकात त्याची वेगळी ओळ ठेवा, ‘किरकोळ’मध्ये ढकलू नका.

दोन नियम मी स्वतःला घालून घेतले आहेत. कुठल्याही एका देणगीदाराचा वाटा एकतृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्याने हात काढला की शाळा बंद पडता कामा नये. आणि मुलीला प्रवेश द्यायचा तो तिच्या पुढच्या दोन वर्षांचे पैसे डोळ्यांसमोर असतील तरच. आधीच दोन-तीन शाळा तुटलेल्या मुलीची आणखी एक शाळा आपण तोडणं फार वाईट. त्यापेक्षा प्रतीक्षायादी बरी. किमान तीन महिन्यांचा खर्च, जमल्यास सहा महिन्यांचा, बाजूला ठेवा आणि त्याला हात लावायला विश्वस्त मंडळाचा ठराव लागेल अशी तरतूद करा.

देणग्या मागताना मुलींच्या कहाण्या विकायचा मोह आवरा. एखाद्या मुलीचा चेहरा आणि गाव तुमच्या पत्रकात छापून आलं, तर मागे राहिलेल्या मामाला त्याचा जाब द्यावा लागू शकतो. पालकांनी सही केली म्हणून भागत नाही. मदत देणाऱ्याला नाही म्हणता येतं, यावर त्या घराचा अजून विश्वास बसलेला नसतो. फोटो हवेच असतील तर हातांचे, वह्यांचे, फळ्याचे काढा. देणगीदारांना चालू वर्गात फिरवू नका. सत्राअखेरीला प्रदर्शन ठेवा, तिथे मुली स्वतःचं काम स्वतः दाखवतील.

प्रवेश: पहिला तास

मुली जाहिरातीतून येत नाहीत. पुनर्वसन संस्थांचे कार्यकर्ते, दवाखान्यातल्या परिचारिका, प्रार्थनास्थळं आणि सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे आधी आलेल्या मुलींच्या आया.

पहिली भेट शक्यतो त्यांच्या घरी, आई हजर असताना. दुभाषी नातेवाईक नको, आणि ज्या गटाच्या भीतीने हे कुटुंब पळालं त्या गटातला तर नकोच. देशावरून भाषा ठरवू नका. अफगाणिस्तानातून आलेल्या मुलीची भाषा दारी, पश्तो किंवा उझबेक असू शकते. काँगोमधून आलेल्या घरात स्वाहिली, लिंगाला किंवा किन्यारवांडा. म्यानमारमधून आलेली कॅरेन किंवा रोहिंग्या मुलगी बर्मी बोलेलच असं नाही, आणि बोलत असली तरी त्या भाषेच्या तिच्या आठवणी सैनिकांच्या असू शकतात. ‘घरी आईशी कुठल्या भाषेत भांडतेस?’ हा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो.

मग अर्ज भरणं. वरकरणी कारकुनी काम, पण निम्मे घोळ इथेच होतात. सोमालियात नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं, आडनाव नसतं. बर्मी माणसांनाही आडनाव नसतं. संगणकाचा फॉर्म मात्र आडनावाचा चौकोन भरल्याशिवाय पुढे जात नाही, मग कुणीतरी काहीतरी टाकतं आणि सख्ख्या बहिणी वेगवेगळ्या आडनावांनी नोंदल्या जातात. पुढच्या शाळेत, परीक्षेत, पारपत्रावर तीच चूक चालत राहते. म्हणून वास्तव्याच्या कागदावर जसं नाव आहे तसंच अक्षरशः उतरवा आणि हाक मारायचं नाव वेगळ्या रकान्यात लिहा. तिच्याकडून उच्चार करून घ्या, आणि आपला उच्चार बरोबर येईपर्यंत तिला दुरुस्त करू द्या. नव्या देशात शिक्षकाची चूक काढायची तिची ही बहुधा पहिलीच वेळ.

जन्मतारखेचं तसंच. तुमच्या यादीत पाच मुली १ जानेवारीला जन्मलेल्या सापडल्या तर चकित होऊ नका. नेमकी तारीख ठाऊक नसली की नोंदणी करणारा अधिकारी ती तारीख टाकतो. दुसरा घोळ पंचांगाचा. अफगाण आणि इराणी सौर पंचांगात १३८५ हे वर्ष मार्च २००६ ते मार्च २००७ असं येतं. इथिओपियाचं १९९८ हे वर्ष सप्टेंबर २००५ ते सप्टेंबर २००६ असं. इथे कुणी बेरीज-वजाबाकीत चुकलं की मुलगी कागदावर सात-आठ वर्षांनी मोठी होते. खरं वय काय असावं याचा अंदाज तुमच्या टिपणात ठेवा. अधिकृत तारीख स्वतःहून बदलू नका, ते काम वकिलाचं.

त्यानंतर चाचणी, पण लगेच लेखी नाही. आधी तिच्या भाषेतलं एक पान वाचायला द्या. वाचता आलं तर ती साक्षर आहे, तिला फक्त नवी भाषा शिकायची आहे. नाही आलं तर तिला वाचन म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची आहे. या दोन मुलींना एकाच गटात एकाच पद्धतीने शिकवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. गणिताची उदाहरणं शब्दांविना द्या, आणि आकड्यांकडे सावधपणे बघा: अरबी लिपीत शून्य म्हणजे एक टिंब, आणि पाचाचा आकडा बराचसा आपल्या ओळखीच्या शून्यासारखा गोल. ‘हिला ५० आणि ५ मधला फरक कळत नाही’ असा शेरा मारण्याआधी ती कोणत्या आकड्यांत विचार करते ते विचारा. भागाकाराची मांडणी आणि दशांशचिन्ह ठिकठिकाणी वेगळं असतं. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणारे देश कमी नाहीत.

पहिल्याच महिन्यात डोळे, कान आणि दात तपासून घ्या. ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार असलेल्या मुलीला फळा दिसत नव्हता, असं अनेकदा निघतं.

शिकवणं

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला, तो तुमच्या शिक्षकखोलीत मोठ्या अक्षरांत लावावा असा आहे. रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. ज्यांची शाळा मध्ये तुटली त्यांना त्याहून अधिक. घात असा होतो: मुलगी व्हरांड्यात फाडफाड बोलते, विनोद करते, शिक्षक खूश होऊन तिला वरच्या वर्गात ढकलतात आणि तिथे ‘बाष्पीभवनाचा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो ते स्पष्ट करा’ या वाक्यापुढे ती कोसळते. म्हणजे तुमच्या दोन-तीन वर्षांत ती अभ्यासाच्या भाषेच्या अर्ध्या वाटेवरच असणार. हे स्वतःला, पालकांना आणि पुढच्या शाळेला स्पष्ट सांगा.

चौदाव्या वर्षी पहिल्यांदा वाचायला शिकणाऱ्या मुलीला अक्षर-ध्वनीचे पाठ लागतातच, पायरी गाळता येत नाही. पण पुस्तक ससा-कासवाचं नको. चौदाव्या वर्षीचा माणूस पोपटाच्या चित्राखाली ‘पोपट’ वाचताना मनातून मरतो. उपाय साधा आहे: तिला बोलायला लावा आणि शिक्षिकेने ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. काल बसमध्ये काय झालं, चहा कसा करतात, मैत्रीण का रुसली. तेच तिचं वाचनाचं पान. शब्द ओळखीचे, आशय मोठ्या माणसाचा. वर्षभरात अशी पन्नास-साठ पानं होतात आणि ती शिवून तिच्या हातात द्यायची.

शिक्षकांनी मुलींच्या लिप्यांची तोंडओळख करून घ्यावी. आठवडाभराचं काम आहे, फायदा मोठा. अरबी आणि दारी उजवीकडून डावीकडे जातात आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. म्हणून तिकडची मुलगी नव्या भाषेत स्वर गाळते, तेव्हा ती निष्काळजी नसते, तिच्या लिपीच्या नियमानेच चालत असते. सोमाली १९७२ पासून रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे अक्षरं ओळखीची. पण ‘सी’ आणि ‘एक्स’ ही अक्षरं तिथे घशातल्या ध्वनींसाठी येतात. तिग्रिन्या (इरिट्रिया आणि उत्तर इथिओपियातली भाषा) लिहिणाऱ्या मुलीची लिपी आपल्या बाराखडीच्या जवळची: मूळ अक्षराचं रूप स्वरागणिक बदलतं. तिला व्यंजन आणि स्वर सुटे करून वाचणं नवं असतं. आपण मराठी माणसांनी रोमन लिपी शिकताना हाच गोंधळ घातला होता, आठवून बघा.

मायबोलीवर बंदी घालू नका. गणितातली अडचण मैत्रिणीला मायबोलीत विचारून सुटत असेल तर ती सुटू द्या. नंतर उत्तर नव्या भाषेत सांगायला लावा. सुरुवातीचे काही आठवडे, क्वचित काही महिने, मुलगी अजिबात बोलत नाही. ऐकते, समजते, बोट दाखवते. या काळात तिला उभं करून बोलतं करायचा हट्ट धरू नका.

वेळापत्रकात रोज दोन सलग तास भाषा, एक तास गणित, विज्ञान शक्य तितकं हाताने करून, आणि रोज वीस मिनिटं एका मोठ्या माणसाशेजारी बसून वाचन. हे शेवटचं स्वयंसेवकांचं काम आणि पूर्ण वेळापत्रकात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. गृहपाठ घरी देऊ नका. घरी टेबल नसतं, धाकटी दोन असतात, स्वयंपाक असतो. शाळेचा शेवटचा पाऊण तास गृहपाठाचा ठेवा. चित्रकला आणि संगीत हे ‘वेळ उरला तर’चे विषय नव्हेत; नव्या भाषेत मुकी असलेली मुलगी ज्या तासाला इतरांच्या पुढे असू शकते, तो बहुधा हाच.

मनातल्या जखमा

शिक्षिका ही मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि तिने व्हायचा प्रयत्नही करू नये. तिच्या हातात एक मोठी गोष्ट आहे: उद्या काय होणार हे आज माहीत असणं. भिंतीवर चित्रांसह वेळापत्रक, बदल असेल तर आदल्या दिवशी सूचना, रोज त्याच वेळी तोच निरोप. आगीच्या सरावाची घंटा अचानक वाजवू नका. आदल्या दिवशी सांगा, पहिल्यांदा घंटेविना चालून दाखवा, मग घंटा. भोंग्याच्या आवाजाने टेबलाखाली शिरलेल्या मुलीला बाहेर काढायला पूर्ण सकाळ जाते.

‘माझं कुटुंब’, ‘वंशवृक्ष’, ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ हे निबंधाचे विषय कायमचे काढून टाका. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, आणि बहुतेकदा ते भांडी विसळताना किंवा बसची वाट बघताना निघेल. तेव्हा ऐका, खोदून विचारू नका. झोप न लागणं, सतत पोटदुखी, स्वतःला इजा करणं, अचानक गप्प होणं दिसलं तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे पाठवा. तो समुपदेशक आधीपासून गाठून ठेवलेला हवा, त्या दिवशी शोधायला लागलात तर उशीर झाला.

आणि हेही सांगून टाकते: या मुली दिवसभर दुःखी नसतात. नेलपॉलिशवरून भांडतात, शिक्षिकेच्या चालण्याची नक्कल करतात, खिडकीतून कुणाकडे तरी बघतात. त्यांच्याकडे सतत कणवेने बघणारा शिक्षक त्यांना लवकरच नकोसा होतो, आणि गृहपाठ न केल्याबद्दल खरोखर रागावणारी शिक्षिका आवडते.

घर

पालकांना छापील पत्रकं पाठवून उपयोग नाही, काहींना स्वतःची भाषाही वाचता येत नाही. त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित केलेला अर्ध्या मिनिटाचा संदेश पाठवा. मुलीलाच दुभाषी करू नका, तिच्या प्रगतीच्या भेटीत तर मुळीच नाही; आणि मोठा भाऊही नको.

गैरहजेरीचा फोन त्याच सकाळी, पहिल्या तासाच्या आत. कारणं ठरलेली असतात: आईबरोबर दवाखान्यात भाषांतराला गेली, धाकट्याला ताप आणि आई कामावर, पाळी, किंवा बस चुकली. चारही कारणांचे उपाय वेगळे. पहिल्यासाठी दवाखान्याला दुभाषी द्यायला सांगायचं, दुसऱ्यासाठी शेजारच्या पाळणाघराशी बोलायचं, तिसऱ्यासाठी स्वच्छतागृहात पॅड, सुटे कपडे आणि आतून लागणारी कडी, चौथ्यासाठी थांबा घराच्या जवळ आणायचा. नुसतं ‘हजेरी वाढवा’ म्हणून काही वाढत नाही.

गणवेश ठेवलात तर डोकं झाकणारी आणि न झाकणारी, दोघींनाही तो घालता यावा. खेळाच्या तासाला लांब बाह्या, पूर्ण पायघोळ विजार चालू द्या; मुली खेळायला हव्यात, कशात खेळतात हा मुद्दा नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा परीक्षांच्या तारखा ठरवताना पंचांग बघा. पण सगळ्याच मुली मुस्लिम आहेत असं समजू नका. ख्रिस्ती, बौद्ध, हिंदू घरंही असतात, आणि त्यांचे सण विसरले गेले की ते त्यांच्या लक्षात राहतं.

अल्पवयीन मुलीचं लग्न ठरल्याची कुजबुज कानावर आली तर एकट्या शिक्षिकेने वडिलांना जाब विचारायला जाऊ नये. त्याने मुलगी रातोरात दुसऱ्या गावी हलवली जाते. बालसुरक्षेच्या धोरणात ठरवलेल्या बाईंना त्याच दिवशी कळवायचं. पुढची पावलं कायद्याने आखलेली असतात आणि ती गाजावाजा न करता टाकावी लागतात. मुलीला मात्र एक गोष्ट विचारून ठेवा: तुझ्याशी सुरक्षितपणे कसं बोलता येईल?

माणसं

दुसरी भाषा शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण असलेली निदान एक शिक्षिका हवी, बाकीच्यांना ती तयार करते. मुलींच्या समाजातली एखादी स्त्री पगारी कर्मचारी म्हणून घ्या. तिला ‘स्वयंसेवक’ म्हणून फुकट राबवून घेणं सर्रास चालतं, ते बंद करा. निम्म्या घरांची दारं तिच्यामुळे उघडतात. तिच्यावर एक धर्मसंकटही येतं: शाळेचं गुपित समाजात सांगायचं की समाजाचं शाळेत? तिने काय सांगायचं नाही हे कामाच्या पहिल्या दिवशी तिच्याबरोबर बसून ठरवा.

स्वयंसेवक कमी पण टिकणारे. वर्षभर, आठवड्यातला ठरलेला एक दिवस. इतकं जमणार नसेल तर नम्रपणे नकार. दर महिन्याला नवा चेहरा येऊन लळा लावून जाणं या मुलींना परवडणारं नाही. शिक्षकांसाठी महिन्यातून एकदा समुपदेशकाबरोबर तासभर बसायची सोय ठेवा. दिवसभर ऐकलेलं घरी नेऊन शिक्षक आजारी पडतात.

पुढच्या शाळेत पोचवणं

निरोपाच्या सहा महिने आधी काम सुरू करा. पुढच्या शाळेत मुलीला दोनदा नेऊन आणा, एकदा वर्ग चालू असताना. तिथल्या एका शिक्षकाचं नाव आणि एका विद्यार्थिनीची ओळख तिच्या खिशात हवी. तुमच्या दाखल्यात ‘समाधानकारक प्रगती’ लिहून कुणाला काही कळत नाही. भाषेची पातळी युरोपीय चौकटीतल्या ए-१ (अगदी नवखी) ते सी-२ (पूर्ण प्रभुत्व) अशा सर्वांना समजणाऱ्या मापात लिहा, गणितात नेमकं काय येतं ते लिहा, किती वर्षं शाळा बुडाली होती ते लिहा. घरची हकीकत लिहू नका. ती सांगायची की नाही हे तिचं तिने ठरवावं.

उशिरा आलेल्या मुलींचा हिशेब वेगळा करा. मोफत शालेय शिक्षणाला वयाची मर्यादा असते, ती तुमच्या इथे किती हे आधी बघा. साडेसोळाव्या वर्षी अक्षरओळखीपासून सुरू करणाऱ्या मुलीला नेहमीच्या वाटेने पाठवलं तर ती मधेच वयाबाहेर जाईल. तिच्यासाठी प्रौढ शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण यांचा जोड आधीपासून आखा. उच्च शिक्षणाची आस असलेल्यांना शिष्यवृत्त्यांची माहिती लवकर द्या. निर्वासितांसाठीची जर्मनीच्या मदतीने १९९२ पासून चालणारी डाफी शिष्यवृत्ती जुनी आणि विश्वासाची आहे, पण ती निवडक देशांतच मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०३० पर्यंत १५ टक्के निर्वासित तरुणांना उच्च शिक्षणात आणायचं लक्ष्य ठेवलं आहे, आणि २०२४ मध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे जागांसाठी चुरस आहे; अर्ज शेवटच्या आठवड्यात भरून चालत नाही.

मुलगी गेल्यावर दोन वर्षं तिची नोंद चालू ठेवा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन, मग महिन्याला, मग सत्राला. शनिवारी सकाळी शाळा उघडी ठेवा, जुन्या मुली नव्या शाळेचा गृहपाठ घेऊन येतील. वार्षिक अहवालात तुमच्या परीक्षेचे गुण छापण्यापेक्षा हा एक तक्ता छापा: गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या किती मुली आज शाळेत आहेत, किती नाहीत, आणि नाहीत त्या कशामुळे. शेवटचा रकाना भरायला जड जातो. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मात्र मी त्याच रकान्यावरून बनवते.